चंद्रीची रिकामी फेरी

फार मागची गोष्ट बरं का. गावाबाहेरची खेळांची बाग ओस पडली, मालकाने विकायला काढली. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी प्रत्येक खेळण्याने एक रिकामी फेरी मारायची, ही तिथली रीत. गोल फिरणाऱ्या चक्रावरची लाकडी घोडी चंद्री तेवढी वाऱ्याच्या जोरावर ती रीत अजून रोज पाळायची.

आकाशपाळणा हसायचा, “चंद्राबाई, कुणासाठी हा नखरा? उद्या भंगारवाला येतोय!”

चंद्री म्हणाली, “येऊ दे की, दादा! थांबले तर आजच भंगार होईन.”

भंगारवाला लेकीला घेऊन आला. त्याने ढकलून पाहिला, तर गंजलेला पाळणा करकरून अडला. चंद्रीला बोट लावताच ती भिर्रकन फिरली. पोर टुणकन पाठीवर बसली, उतरेचना.

भंगारवाल्याने हातोडा खाली ठेवला. “मालक, तिकीट केवढ्याला?”

पाळणा हळूच म्हणाला, “चंद्राबाई, उद्या सकाळी फेरीला मलाही हाक मारा.”