मुहूर्तवाल्या प्रोग्रामची पाठराखीण

“जुनी प्रणाली उद्या दिवेलागणीच्या आत राजवाड्यातून हद्दपार!” चंद्रपाळ महाराज गरजले. “सगळ्या संगणकांवर मुक्त प्रणाली घाला!”

महाराजांचं तरी काय चुकलं? संगणक चालवणारी ही जुनी प्रणाली परदेशी व्यापाऱ्याची. तिच्या पोटात काय आहे ते बघायची राजालासुद्धा चोरी! त्यात त्या सकाळी भर दरबारात महाराज भाषण वाचत असताना पडद्यावर ‘कृपया थांबा’ अशी पाटी आली, आणि प्रत्यक्ष महाराज जेवणवेळेपर्यंत तसेच हात उंचावून थांबले. मुक्त प्रणाली मात्र फुकटात मिळायची. कुणीही उघडून बघावी, हवी तशी बदलावी.

“पण मुहूर्ताचा प्रोग्राम चालू राहिलाच पाहिजे,” राणीसाहेब म्हणाल्या.

झालं! तो प्रोग्राम फक्त जुन्या प्रणालीवर चालायचा. तो लिहिणारे नारंभट काशीला गेले ते तिकडचेच झाले. आणि त्या प्रोग्रामला विचारल्याशिवाय राजवाड्यात कुणी उंबरठा ओलांडत नसे. जुनी प्रणाली हाकलायचा मुहूर्तही त्याच्यावरच काढला होता.

राणीसाहेबांचे बंधू रंगराव हे राज्याचे दिवाण. संगणकखाना सांभाळणारी कुंभाराची सगुणा त्यांच्या डोळ्यांत सलत होती, कारण त्या जागी त्यांना आपला मुलगा चिकटवायचा होता. ते गोड हसून तिला म्हणाले, “दोन्ही कर बाई. नाही जमलं तर नोकरी गेली समज!”

सगुणाच्या घरची चूल तिच्याच पगारावर पेटत होती. “बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दरबार भरला. सगुणानं मुक्त प्रणाली सुरू केली आणि तिच्यावर मुहूर्ताचा प्रोग्राम उघडला. त्यानं नेहमीसारखी घंटा वाजवून सांगितलं, ‘आज नखे कापू नयेत.’ राणीसाहेबांना भरून आलं.

“फसवणूक!” दिवाण ओरडले. “जुनी प्रणाली आत लपवलीय!”

“उघडून बघा की! सगळं मोकळंच आहे.”

दिवाणांनी घाम फुटेपर्यंत बघितलं. जुन्या प्रणालीचा मागमूस नव्हता. “मग हा चालतो कसा?”

“सोबत पाठराखीण दिलीय,” सगुणा म्हणाली. “नवी नवरी सासरी येते तेव्हा तिच्याबरोबर एखादी बाई येते ना, तसा हा छोटा दुभाष्या प्रोग्राम. मुहूर्तवाला जुन्या रीतीनं काही मागतो, पाठराखीण ते नव्या प्रणालीला तिच्या भाषेत सांगते. तीसुद्धा मुक्तच आहे!”

“पण रीत जुनीच ना?” दिवाण टाळी वाजवून म्हणाले. “म्हणजे जुनी प्रणाली राजवाड्यात राहिलीच!”

“दिवाणसाहेब, सून माहेरच्या रीतीनं भाजी करते,” सगुणा शांतपणे म्हणाली. “म्हणून काय तिचं अख्खं माहेर सासरी राहायला येतं?”

महाराजांनी हळूच मेहुण्याकडे बघितलं. मेहुणे बहिणीच्या पहिल्या भाऊबीजेला आले होते ते अजून परतायचे होते.

“आमच्याकडे आलंय खरं!” असं म्हणून महाराज इतके हसले, इतके हसले, की मुकुट मांडीत पडला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं. “संगणकखाना आजपासून तुझा! तिथं कुणाचा मुलगा नाही, की कुणाचा भाऊ नाही!”

राणीसाहेब सोडून सगळा दरबार हसला.