जॅकच्या गळ्यातला हार

अवजारं बोलायची आणि माणसं कधीमधी ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. विश्रामच्या अंगणात खंडेनवमीची पूजा झाली, तेव्हा झेंडूचा एकुलता एक हार जीप उचलणाऱ्या जॅकला मिळाला. उचललेल्या गाडीला खालून टेकू देणाऱ्या, कोपऱ्यातल्या तीन पायांच्या लोखंडी घोडीला कुंकवाचं बोटसुद्धा लागलं नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला जीपने जायचं होतं. विश्रामने जीप जॅकवर उचलली आणि एक सैल नट आवळायला तो खाली शिरू लागला.

"चाकांना दगड लावलेत. पाचच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

"मग घोडी लावायला अर्धं मिनिट पुरेल," त्याची नवी नवरी केतकी हळूच म्हणाली; पण जागची हलली नाही.

विश्रामने हसत घोडी जीपखाली सरकवली आणि तो आत शिरला. जॅक खवळला.

"अगं ए, आख्खी जीप मी उचलतो. तुला येतं काय?"

"उभं राहता येतं, भाऊजी."

"हार कुणाच्या गळ्यात आहे, बघ जरा!"

एवढ्यात जॅकचं तेल गळलं, दम सुटला आणि तो हारासकट खाली बसला. जीप बोटभर खचली, घोडीवर टेकली आणि तिथेच थांबली. घोडीचा एकही पाय हलला नाही.

विश्राम सरपटत बाहेर आला. धडधाकट, फक्त तोंड काळं झालेलं. केतकीने जॅकचा हार काढून घोडीला घातला.

"वहिनी," जॅक घोडीकडे बघत पुटपुटला, "पुढच्या वर्षी अर्धा-अर्धा?"

"बघू," घोडी म्हणाली. "तोवर बसा निवांत. मी उभी आहे."