आडात सोडलेला दिवा

केशरनाथ महाराज त्या सालीही चैत्रात टाकळवाडीच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. चैत्रात पाणी तळाला जाते, तेव्हा घरोघरचे आड उपसून गाळ काढायचा, अशी तिथली रीत. भिवराचे वडील हेच काम करीत. तीन वर्षांपूर्वी आडात बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला काढायला ते घाईने उतरले आणि वर आलेच नाहीत. तेव्हा महाराजांनी तिला सांगितले होते, "मुली, माणसाआधी दिवा उतरवत जा. दिवा विझतो तिथे श्वास चालत नाही." तेव्हापासून वडिलांचे काम सांभाळताना महाराजांचे नाव घेऊन ती प्रत्येक आडात आधी दोराने दिवा सोडी.

त्या दिवशी दौलतराव पाटलांच्या आडात तिचा दिवा अर्ध्यावरच विझला. उतरायला आलेले गडी कचरले.

"काय गं, आडाला ओवाळतेस होय?" पाटील हसले. "नारळ विसरलीस वाटतं!"

"दादा, कडुलिंबाचे डहाळे वरखाली करून हवा हलवू. मग उतरू देत."

"माझा आड मला ठाऊक नाही? सर बाजूला!"

दोर धरून पाटील स्वतःच उतरले. तळाजवळ त्यांचा हात सुटला. गाळात धप्प आवाज झाला. हाकेला उत्तर येईना.

पाटलीणबाईंनी हंबरडा फोडला. गडी धावले, तशी भिवरा कठड्यापुढे आडवी झाली. "कुणी उतरायचं नाही! डहाळे आणा!"

डहाळे हलवले. दिवा सोडला. तो पुन्हा विझला.

एवढ्यात महाराज आले. त्यांनी आपल्या हाताने वात पेटवली. "आता सोड."

ज्योत मोहरीएवढी झाली, निळी पडली. पण विझली नाही. पाटलांच्या छातीजवळ जाऊन तेवत राहिली.

"जाऊ, महाराज?"

"दिवा दिसतोय ना? जा."

कमरेला दोर बांधून ती उतरली. आधी पाटलांना दुसऱ्या दोराने बांधून वर पाठवले, मग स्वतः आली. तिचा पाय कठड्याला लागला आणि खाली दिवा विझला. केवढी ही कृपा! इतक्या थोड्या वेळात डहाळ्यांनी आड मोकळा होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

शुद्धीवर आल्यावर पाटील महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज म्हणाले, "मी काठावर उभा होतो, पाटील. उतरली ती."

पाटील वळले आणि सर्वांदेखत भिवरापुढे वाकले. ती संकोचून मागे सरली.

"दादा, आधी ओलं अंग पुसा," ती म्हणाली.