मागच्या दारानं मिळणारं नाव

“नाव त्यांच्याकडे आहे, बाबा. मग मला का देत नाहीत?”

सायबर शाखेचे निरीक्षक गजेंद्र ढोले कचेरीतून तसेच, गणवेशावरच, मठात आले होते. भानुराजबाबा झोळी शिवत बसले होते. ढोल्यांनी दंडवत घातला तोही रागातच.

“कोणाचं नाव?”

“एका हरामखोराचं. कॉलेजातल्या एका पोरीचे फोटो त्यानं घाणेरडे करून वेबसाइटवर टाकलेत. खाली तिचा फोन नंबर. दिवसरात्र फोन येतात तिला. पोरीनं घराबाहेर पाऊल टाकणं बंद केलंय.”

बाबांची सुई थांबली.

“वेबसाइट काढायची तर त्या वेबसाइटचं नाव एका कंपनीत नोंदवावं लागतं. नोंदवणाऱ्याचा पत्ता, फोन, सगळं त्या कंपनीकडे असतं. पण कंपनी परदेशात. तीन पत्रं लिहिली. तिन्हीला एकच उत्तर. तुमच्या सरकारमार्फत या, आमच्या कोर्टाचा हुकूम आणा.” ढोल्यांनी हातातला कागद चुरगळला. “आठ महिने लागतात त्याला.”

“मग?”

ढोले जरा घुटमळले.

“दिल्लीत एक माणूस आहे. त्या कंपनीत आतलं कोणीतरी त्याच्या ओळखीचं आहे. कागद नाही, कोर्ट नाही. उद्या नाव देतो म्हणतो. हो म्हणू का, तेवढं विचारायला आलो.”

...

“परवा एक हवालदार आला होता,” बाबा म्हणाले. “पलीकडच्या राज्यातला.”

ढोल्यांचा चेहरा उतरला. “सुगंधाचा नवरा?”

सुगंधाला त्यांनीच श्रावणात इथं आणून ठेवलं होतं. तेव्हा नवऱ्यानं मोडलेला तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

“तोच. गणवेशात होता. ओळखपत्र दाखवलं. बायको हरवली, लेकरू रडतंय, म्हणाला. इथं राहणाऱ्या बायांची नावं मागत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“इकडच्या कोर्टाचा कागद आण, म्हटलं.”

“लई बरं केलंत. असा कोणीही गणवेश चढवून येईल आणि...”

ढोले बोलता बोलता थांबले.

...

मग ते जास्तच भडकले. “पण तो खोटा होता, बाबा. माझं काम खरं आहे.”

“खरं आहे.” बाबांनी झोळी बाजूला ठेवली. त्यांचाही आवाज आता चढला होता. “सुगंधा मागच्या अंगणात आहे. जा, तिला सांगून ये. म्हणावं, ज्याचं काम खरं असेल त्याला या मठात मागच्या दारानं नाव मिळतं.”

ढोले तिरीमिरीत उठले. मागच्या दारापर्यंत गेले.

सुगंधा वाळलेले कपडे काढत होती. तिची नजर आधी खाकीवर पडली. हातातले कपडे सोडून ती भिंतीला जाऊन चिकटली. मग चेहरा ओळखू आला.

“साहेब, तुम्ही होय...”

खाली पडलेले कपडे उचलून ढोल्यांनी तिच्या हाती दिले आणि ते परत फिरले.

बाबांसमोर उभं राहूनच त्यांनी दिल्लीला फोन लावला. “नको. पुन्हा फोन करू नका,” एवढंच म्हणाले.

“झालं समाधान? तो हरामखोर तिकडे मजेत. मी चौथं पत्र लिहितो. सरकारमार्फत जातो, कोर्टात जातो. पण आठ महिने, बाबा. तोवर त्या पोरीनं काय करायचं?”

...

बाबांनी झोळी पुन्हा मांडीवर घेतली.

“त्या पोरीच्या घरी कितीदा गेलास?”