पिशवीचा उपास

एकदा एका गृहिणीने देवीपुढे बसून नेम धरला. नेम प्रदक्षिणांचा नव्हता, नवसाच्या ओटीचाही नव्हता. समईची वात पुढे सारता सारता ती एवढेच म्हणाली, "आई, आत्याबाईंचं पान या घरातून उठू देणार नाही. बाजार मी कमी करून दाखवीन."

तिचे नाव सगुणा. तिचे यजमान गावच्या सूतगिरणीत होते. आषाढात गिरणीच्या दोन पाळ्यांची एक झाली आणि पगार निम्म्यावर आला. घरात दोन मुले आणि यजमानांच्या थकलेल्या आत्याबाई. यजमानांची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्याने त्यांना लहानाचे मोठे केले होते. यजमान काही वाईट मनाचे नव्हते. पण रिकामा खिसा चांगल्या माणसालाही नको ते बोलायला लावतो. आठवड्याचा बाजार उतरवून घेताना ते एकदा खालच्या आवाजात म्हणाले, "श्रावण संपेपर्यंत बघतो. नाही भागलं, तर गणपतीआधी आत्याला तिच्या दिराकडे सोडून येईन."

"अहो, तिथं त्यांना कोण विचारतं?"

"इथं तरी काय वाढणार आहेस?"

त्यावर सगुणा उठली. ती देवघरात गेली आणि तिने वर सांगितलेला नेम धरला.

आता बाजार कमी कसा करायचा? सगुणा श्रद्धाळू बाई. तिला एकच वाट ठाऊक होती, उपासाची. श्रावण तर तोंडावरच होता. तिने सोमवार धरला, मग गुरुवार, एकादशी तर होतीच. यजमानांना आणि मुलांनाही तिने समजावले, "पुण्य लागेल आणि धान्यही वाचेल." आत्याबाईंचे वय झालेले, म्हणून त्यांच्यापुरता वरणभात वेगळा शिजे.

पण झाले भलतेच. उपास म्हटला की साबुदाणा आला, शेंगदाणे आले, वरी आली. बटाटे, रताळी आली. मुलांना खिचडीवर भागेना, म्हणून केळी आली. उपास सोडताना पानात काहीतरी गोड हवे, म्हणून गूळ आणि तूप आले. एका चुलीवर दोन स्वयंपाक होऊ लागले आणि बाजाराची पिशवी पूर्वीपेक्षा जड झाली. वाणी पुड्या बांधताना हसून म्हणाला, "वहिनी, उपासाचं घर म्हणजे आमची दिवाळी."

सगुणेलाही हसू आले, पण घरी येईपर्यंत ते विरून गेले.

देवीच्या मंदिरात रोज दुपारी माई पोथी सांगत. माईंचे वय कोणाला ठाऊक नव्हते. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या मांडीवर बसून कहाण्या ऐकतच मोठ्या झालेल्या. पोथी मिटल्यावर सगुणा मागे थांबली आणि तिने सगळे सांगितले. म्हणाली, "माई, माझ्या भक्तीतच काही उणं राहिलं असेल का? आणखी एखादा वार धरू का?"

माईंनी तिच्याकडे पाहिले. "बाजार कधी करतेस?"

"शनिवारी सकाळी."

"मी येते."

शनिवारी सगुणा पिशवी घेऊन निघणार, तोच माई दारात उभ्या. त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, देवघराशेजारच्या खुंटीला टांगली, तिला हळदीकुंकू लावले आणि आत एक तुळशीचे पान टाकले.

"आज हिचा उपास," माई म्हणाल्या.

सगुणा गोंधळली. तुळशीपत्र ठेवलेली वस्तू आपली राहत नाही, ती देवाची होते. आता पिशवीला हात कसा लावायचा? "अहो माई, पण घरात काहीच नाही."

"काही नाही हे तुला डब्यांनी सांगितलं, की मनानं?"

सगुणा डब्यांच्या फळीकडे पाहू लागली.

"डबे खाली काढ," माई म्हणाल्या. "सगळे. मागच्या रांगेतलेही."

सगुणेने डबे काढायला घेतले. ती दर शनिवारी ठरलेले सामान आणी आणि आणलेले उरलेल्यावर ओती. त्यामुळे वरचे रोज संपे, तळचे तसेच राही. साबुदाण्याच्या डब्यात खाली जुना, वर नवा आणि शेजारी न सोडलेली आणखी एक पुडी. शेंगदाणे तळाशी खवट झालेले. तांदळाच्या पिंपात बुडाशी टोके पडलेले. फडक्यात बांधून विसरलेली मटकी. मुठीमुठीने उरलेल्या मूग, चवळी, हरभऱ्याच्या डाळी, आणि कोणाच्या तरी ओटीत आलेले तांदूळ वेगळे ठेवलेले. जमिनीवर पाऊल टाकायला जागा उरली नाही.

आवाज ऐकून आत्याबाई आल्या. पसारा पाहून त्यांनी काही न विचारता सूप ओढले आणि टोके पडलेले तांदूळ अंगणाच्या दारात पाखडायला बसल्या. टोके अंगणात उडून पडू लागले, तांदूळ सुपात उरू लागले.

"आत्याबाई, आधी घास खाऊन घ्या, मग बसा," सगुणा म्हणाली.

"नको गं. मला आज उपास आहे."

माईंनी मान वर केली. "आज कसला उपास, बाई? तुमच्यासाठी तर भात वेगळा शिजतो म्हणे."

आत्याबाई पाखडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "शिजतो. सकाळचा मी संध्याकाळी खाते, संध्याकाळचा मुलांच्या पानात सरकवते. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती? तेवढाच भार कमी. दिराकडे जायचं तर सवय असलेली बरी."

सगुणेच्या हातातला डबा तसाच राहिला. ज्यांचे पान उठू द्यायचे नाही म्हणून तिने देवीपुढे हात जोडले होते, त्या मुकाट्याने आपले पान अर्धे करून बसल्या होत्या. यजमानांचे बोलणे त्यांनी त्याच दिवशी ऐकलेले असणार. भिंती एवढ्या जाड नव्हत्या.

तिने डबा खाली ठेवला आणि आत्याबाईंच्या पायाशी बसली. तिला रडूही येईना.

माई शांतपणे म्हणाल्या, "सगुणे, तुझ्या भक्तीत काही उणं नाही. तू उपास चुकीच्या जागी घातलास. उपास हा ज्याला हाव सुटते त्यानं करायचा. तुझ्या घरात हाव कुणाला सुटली? मुलांना नाही, आत्याबाईंना तर मुळीच नाही. हाव सुटली आहे या पिशवीला. घरात काय आहे ते न पाहता ती दर शनिवारी तोंड उघडून निघते आणि तू भरतेस. तिच्या हावेचा उपास माणसांच्या पानावर पडला. तो तिला घाल. घरात आहे ते आधी खाऊन होऊ दे. जो डबा खरोखर रिकामा होईल त्याला कुंकवाचं बोट लाव. पुढच्या खेपेला पिशवी तेवढ्यापुरतीच बाहेर काढ."

"आणि आठवडाभर खायचं काय?" सगुणेने विचारले.

"ते मला नको विचारू," माई उठता उठता म्हणाल्या. "सूप ज्यांच्या हातात आहे त्यांना विचार."

आत्याबाईंनी मुठीमुठीच्या डाळी एकत्र केल्या. "यांची धिरडी होतील," त्या म्हणाल्या. "मटकी भिजत घाल. शिजवल्यावर तिचं पाणी टाकू नकोस, त्याचं कढण करू." बोलता बोलता त्यांचा आवाज मोकळा झाला. सगुणेच्या लक्षात आले की कित्येक दिवसांत त्यांनी एवढे बोललेलेच नव्हते.

संध्याकाळी यजमान कामावरून आले. खुंटीवर कुंकू लावलेली पिशवी पाहून म्हणाले, "हे काय? बाजार नाही केलास?"

"आज पिशवीचा उपास आहे."

"बरं आहे," ते हसले. "आता आमच्या घरात तेवढीच उरली होती."

ते पानावर बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांचा हात थांबला. "ही धिरडी कुणी केली?"

"मीच केली," सगुणा म्हणाली. "पीठ आत्याबाईंनी कालवलं."

त्यांनी दाराकडे पाहिले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या, नेहमीसारख्या सगळ्यांचे होईपर्यंत. यजमान उठले, भिंतीला लावलेला पाट त्यांनी स्वतः आपल्या शेजारी मांडला आणि म्हणाले, "आत्या, इथं बस. तुझ्या हातची चव आहे ही, आणि मी एकटाच खातोय."

"मला उपास..." आत्याबाई म्हणू लागल्या.

"तुला नाही, पिशवीला," यजमान म्हणाले, आणि त्यांच्या पानात त्यांनी गरम धिरडे वाढले.

पुढच्या शनिवारी सगुणा बाजाराला गेली, तेव्हा कुंकू लागलेले डबे मोजकेच होते. वाण्याने पुड्या बांधल्या आणि विचारले, "वहिनी, दुकान बदललंत की काय?"

"नाही हो," ती म्हणाली. "आधी घर बघते, मग तुमच्याकडे येते."

तिची पिशवी हलकी होती. तिच्या घरी गणपती आले, गेले. आत्याबाईंना कोणी कुठे सोडले नाही. नैवेद्याचे मोदक त्यांनीच वळले.

माझ्या मायबहिणींनो, तुमच्याही घरी खुंटीला एखादी पिशवी असेल. या आठवड्यात बाजाराला निघण्याआधी तिच्यात एक तुळशीचे पान टाकून बघा, आणि घरातले डबे खाली काढा. डबे पाहून झाले की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पानाकडेही एकदा बघा. सगुणेने केले तसे तुम्हीही करावे, एवढीच विनंती.