बंदरात नसलेला ‘झ’

“म्हणजे एका अक्षरासाठी तुम्ही सगळं अडवून धरणार?” वृंदाचा आवाज चढला.

गोदाआक्का होडीच्या पुढच्या फळीला पांढऱ्याचा हात देत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

बंदरातल्या होड्यांवर नावं रंगवण्यात आक्कांचा जन्म गेलेला. ब्रशच्या एका फटकाऱ्यात उतरणारी, पोट सुटलेली, डुलत चालणारी अक्षरं. वृंदा त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि आता त्याच अक्षरांचा तिने कॉम्प्युटरवर फाँट बांधला होता. दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती, जिथे म्हणून अक्षर मोठं नि मोकळंढाकळं हवं, तिथे चालेल असा. एकेक अक्षर तिने कुठल्या ना कुठल्या होडीवरून उचललं. ‘झ’ तेवढा मिळाला नाही. इथल्या होड्यांना नावं देवांची, आयांची, लेकींची. त्यांत ‘झ’ कधी आलाच नव्हता. आणि ‘झ’ नसलेला फाँट घेणार कोण?

तेवढा काढून द्या, म्हणून ती सकाळपासून मागे लागली होती. आक्का आधी म्हणाल्या, ऊन फार आहे. मग म्हणाल्या, ब्रश झिजलाय. मग सरळच नाही म्हणाल्या.

“तुझा तू काढ.”

“माझा कसा चालेल? फाँट तुमचा आहे. नाव तुमचं दिलंय त्याला.”

“मला विचारून दिलंस?”

“आक्का, हात थरथरतो तुमचा. उद्या तुम्ही नसाल. ही अक्षरं राहावीत म्हणून मरमर मरतेय मी.”

“दर वर्षी होडी रंगवायला आली, की आधी मी काढलेलं जुनं नाव मीच खरवडते. राहायचंय कुणाला?”

वृंदाला वाटलं, आता रडू फुटणार. फुटला तो राग. तिने आक्कांच्या हातातून ब्रश ओढून घेतला, निळ्या डब्यात बुचकळला आणि त्या ओल्या पांढऱ्यावरच ‘झ’ ओढला. आक्कांच्या अक्षराचं पोट त्याला नाही, डौल नाही. काटकुळा, खांदे वर काढलेला, शेपूट भांडायला निघाल्यासारखं बाहेर फेकलेलं. खालून रंग ओघळला तो ओघळलाच.

“घ्या. बसतो का हा तुमच्या अक्षरांत?”

“नाही बसत.”

आक्का दोन पावलं मागे सरल्या. डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. पाणी वाळूवर आलं, गेलं.

वृंदाची मान खाली गेली. तिने रॉकेलचा बोळा उचलला आणि अक्षराकडे हात नेला. आक्कांनी तिचं मनगट धरलं. थरथरणाऱ्या हाताची ती पकड तिला सोडवेना.

“हा राहू दे,” आक्का म्हणाल्या. “फाँटातली बाकीची पुसून टाक.”