फोन सरांच्या टेबलावर

“…आणि मी कधी आवाजसुद्धा चढवत नाही, बाबा. मग माणसं मला एवढी का घाबरतात?”

नूरशा फकिरांनी मान वर केली नाही. ते गोधडी शिवत होते.

प्रश्न विचारणारे डॉक्टर श्रीकर हळबे अजून उभेच होते. एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीचे ते प्रमुख. बायकोने फार आग्रह धरला म्हणून गावाबाहेरच्या या तकियात, बाबांच्या राहत्या जागी आले होते. स्वतःहून ते एखाद्या फकिराच्या दारात कधी गेले नसते.

“बस,” बाबा म्हणाले.

“मला पाचला परत पोचायचंय.”

“बस.”

हळब्यांनी खिशातला रुमाल काढला, ओट्यावर पसरला आणि त्यावर टेकले.

“शिव्या देतोस त्यांना?”

“कधीच नाही.”

“मग काय करतोस?”

“कुणाचं काम चुकतंय असं दिसलं, की मागे जाऊन उभा राहतो. बोलत नाही. त्यांची त्यांना चूक कळते.”

“किती वेळ उभा राहतोस?”

“कळेपर्यंत.”

बाबांची सुई कापडात शिरली होती, ती तिथेच थांबली.

“अकरा वर्षं प्रमुख आहे मी,” हळबे म्हणाले. “एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक चूक नाही. एक! आणि माझ्या हाताखालची माणसं टिकत नाहीत. चौघं सोडून गेली. एकाला दर सोमवारी ताप येतो. एकजण जेवणाचा डबा जिन्यात बसून खातो, खोलीत खात नाही. त्यांना मी काय कमी केलं?”

“आज का आलास?”

हळब्यांनी घड्याळ पाहिलं.

“हे तर रोजचंच आहे तुझं. आजच का आलास?”

…

“मंगळवारी एक प्रकार झाला,” हळबे हळूहळू सांगू लागले. “कांचन भोईटे म्हणून एक मुलगी आहे, तंत्रज्ञ. हुशार आहे. तिच्याकडून दोन रुग्णांच्या रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं उलटी लागली. याचं त्याला, त्याचं याला. रक्ताची पिशवी वॉर्डात गेली.”

“मग?”

“तिथल्या सिस्टरने लावण्याआधी रुग्णाला त्याचा गट विचारला. जुळेना. थांबवलं तिने. नाहीतर बाबा, चुकीचं रक्त अंगात जायला दोन मिनिटं उरली होती. माणूस गेला असता.”

“मुलीला चूक कळलीच नाही?”

“कळली होती. पिशवी गेल्यावर लगेच कळली. मी तिथेच होतो, दहा पावलांवर. तिने मला सांगितलं नाही. खोलीतून पळत बाहेर गेली. तीन मजले जिना उतरून वॉर्डात पोचली, तोवर सिस्टरने थांबवलेलं होतं. एका फोनचं काम होतं ते!”

“विचारलंस तिला, फोन का केला नाहीस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

हळब्यांनी ओठ दाबून धरले. मग म्हणाले, “म्हणाली, सर, फोन तुमच्या टेबलावर होता.”

…

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

“तिच्यावरचा अहवाल लिहून आणलाय,” हळबे म्हणाले. त्यांनी वरच्या खिशावर हात ठेवला. “मी सही केली की तिची नोकरी संपली. पुन्हा कुठल्या रक्तपेढीत तिला कुणी उभं करणार नाही. चुकीचं काही लिहिलेलं नाही मी. पण तीन दिवस झाले, पेन उघडतो आणि सही न करताच बंद करतो. माझं असं कधी होत नाही. मला एवढंच सांगा, मन शांत कसं करायचं? म्हणजे मी सही करून मोकळा होईन.”

बाबांनी सुईत नवा दोरा ओवला आणि गोधडी उचलून हळब्यांच्या मांडीवर ठेवली.

“दहा टाके घाल.”

“मी तुम्हाला काय विचारतोय…”

“शिवता येत नाही?”

हळबे हसले. “शिकत असताना माणसं शिवली आहेत मी.”

“मग दहा टाके.”

गोधडीच्या त्या कोपऱ्यावर पांढऱ्या धोतराचा तुकडा लावलेला होता. हळब्यांनी चष्मा नीट केला आणि सुई घेतली. बाबा उठले. त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

पहिला टाका सरळ पडला. दुसराही.

बाबा काही बोलले नाहीत.

तिसरा जरा लांब झाला. हळब्यांनी मान किंचित वळवली, पण मागे पाहिलं नाही. चौथा टाका त्यांनी उसवला आणि पुन्हा घातला. पाठीमागे श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. पाचव्याला दोऱ्याला गाठ बसली. मानेवर घाम आला.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

उत्तर नाही.

“बाबा, बरोबर आहे का हे?”

…

सहाव्या टाक्याला सुई बोटात गेली. पांढऱ्या कापडावर रक्ताचा एक थेंब पडला. हळब्यांनी कापडाची कड झटकन दुमडली, वर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने उरलेले टाके कसेबसे पुरे केले.

बाबा पुढे येऊन समोर बसले.

“झालं?”

“झालं.”

“दाखव.”

अंगठा हलला नाही.

“मी ओरडलो का तुझ्यावर?”

“नाही.”

“काही बोललो?”

हळब्यांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही मुद्दाम केलंत हे.”

“हो.”

“माझा अपमान करायला बोलावलंत?”

“मी कुठे बोलावलं? तू आलास.”

हळबे ताडकन उठले. गोधडी खाली पडली. ते पायऱ्या उतरले, एक बूट घातला, दुसऱ्यात पाय घातला आणि नाडी न बांधताच तसे वाकून राहिले. बराच वेळ. मग पायरीवरच बसले, बाबांकडे पाठ करून.

“एक झाली होती,” ते म्हणाले.

“कधी?”

“नऊ वर्षांपूर्वी. मी एका बाईचा गट चुकीचा वाचला. मीच. चिठ्ठी लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज नळी पाहिली आणि पायाखालची जमीन सरकली. धावत वॉर्डात गेलो. तिला रक्त लागलंच नव्हतं. रक्तस्राव आपोआप थांबला होता, म्हणून. केवळ म्हणून.”

“चिठ्ठी?”

“फाडली. दुसरी लिहिली. कुणाला कळलं नाही. बायकोलासुद्धा आजवर माहीत नाही.” ते नाडीशी चाळा करत होते. “त्यानंतर मी माणसांच्या मागे उभा राहायला लागलो, बाबा. आधी नव्हतो राहत.”

…

चिंचेखालून दोन बकऱ्या गेल्या. बाबांनी खाली पडलेली गोधडी उचलली आणि झटकली.

हळब्यांनी एकाएकी खिशातला अहवाल काढला. चार घड्यांचा कागद. त्यांनी तो उलगडला, दोन्ही हातांत धरला. वरची कड टरकन फाटली.

बाबांनी त्यांचं मनगट पकडलं. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं हळब्यांना वाटलं नव्हतं.

“पुन्हा फाडतोस?”

हात जागच्या जागी थांबले.

“मग काय करू? सही करू? हा प्रकार झाला तेव्हा ती चुकली होती, हे खरं आहे. आणि मी दहा पावलांवर होतो, हेही खरं आहे. यात फक्त पहिलं लिहिलंय.”

बाबांनी मनगट सोडलं.

हळब्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केला. फाटलेली कड कडेशी जुळवली. घडी घातली. खिशात ठेवला. मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. बोटातून अजून थोडं रक्त येत होतं. ते या वेळी त्यांनी लपवलं नाही.

“कांचन आज दुपारपाळीला आहे,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

ते उठले. दोन पावलं गेले आणि वळले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. डोळे ओले होते.

“फार हलकं वाटतंय, बाबा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तुमच्यापाशी सगळं बोललो आणि डोक्यावरचा दगड उतरला.”

बाबा पुन्हा शिवायला बसले होते. त्यांनी सुई थांबवली.

“उतरला? मग उचल तो परत आणि त्या मुलीपाशी ने. पत्ता चुकलायस तू.”